पंख्यातली गुणगुण

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

कॉलेजच्या ट्रेनिंगचा पहिला दिवस. सहा आठवडे, पंख्यांचा कारखाना. वर्गातल्या बाकीच्यांना गाड्या, रोबो, काय काय मिळालं. मला टेबल-फॅन. हरकत नाही. रोबो किती घरांत असतो? पंखा प्रत्येक घरात असतो.

टेस्टिंगच्या साहेबांनी लॅब दाखवली. इतकं भराभर बोलतात की एक वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. शेवटी म्हणाले, काही शंका? म्हटलं, छे. पहिल्याच दिवशी शंका विचारली की माणूस कायमचा कच्चा ठरतो.

७ जानेवारी, मंगळवार
माझं काम: पंखा किती आवाज करतो ते तपासणे. त्यासाठी स्वतंत्र खोली. भिंतींना, छताला, दाराला जाडजूड स्पंज. आत गेलं की बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. आपण आवंढा गिळला तर तो मात्र ऐकू येतो. मधोमध पंखा, समोर माइक, कोपऱ्यात स्टूल, स्टुलावर मी. मी पंख्याचा वेग बदलत राहायचं, बाहेरचा कॉम्प्युटर आपला आपण मोजतो आणि आलेख काढतो. दारावर एक दिवा. कधी हिरवा, कधी लाल. लाल म्हणजे मोजणं बंद, हे शेंबडं पोरही सांगेल.

लॅबमध्ये जाड चष्म्याचा एक टेक्निशियन आहे. मी मनात त्याचं नाव भिंग ठेवलं. कँटीनमध्ये भिंग आणि आणखी तिघं खिडकीजवळच्या टेबलावर बसतात आणि सारखे खिदळतात. मी मुद्दाम लांब बसलो. ज्यांच्यावर पुढे साहेबगिरी करायची त्यांच्याशी आधीच सलगी नको.

आईचा फोन. म्हणाली, जेवायला कोणी सोबत आहे का? म्हटलं, चौघं आहेत. ती इतकी खूश झाली की विचारू नका. खोटं नाही. चौघं आहेतच. खिडकीजवळ.

९ जानेवारी, गुरुवार
खोलीत कडक शिस्त ठेवली आहे. हिरवा दिवा असला की श्वासही बेताने. लाल लागला की मोकळा. तेव्हा पंख्याशी थोडं बोलतो. तांत्रिक विषयांवर. पंखा इकडून तिकडे मान फिरवतो, त्यामुळे काहीही सांगा, नाहीच म्हणतो. पण ऐकून घेतो, मधे तोंड घालत नाही.

कँटीनमध्ये ताट घेऊन खिडकीजवळून दोन फेऱ्या मारल्या. तिथे हवा कशी खेळते त्याचा अभ्यास. मग हात धुवायच्या नळाजवळ जाऊन बसलो. हवा तिथेच जास्त चांगली.

१५ जानेवारी, बुधवार
ठरलं! रोज एका नव्या माणसाशी बोलायचं. आजचा माणूस: वॉचमन. त्याने ओळखपत्र मागितलं, मी दाखवलं. सुरुवात तर झाली.

१७ जानेवारी, शुक्रवार
सापडलं! नव्या मॉडेलच्या आलेखात उंचवटे. पंखा चालता चालता मधूनच बारीक गुणगुण येते, थांबते, पुन्हा येते. भिंगने आलेख पाहून डोकं खाजवलं. म्हणाला, गेल्या महिन्यापर्यंत असं काही नव्हतं. म्हणजे मी येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ठरावाप्रमाणे नवा माणूस: पुन्हा वॉचमन. आज त्याने ओळखपत्रही मागितलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
डिझाइनच्या मॅडम खाली आल्या. हा पंखा त्यांनी बनवलेला, त्यामुळे चेहरा उतरलेला. बेअरिंग बदलून पाहू म्हणाल्या. मी म्हटलं, दोष पात्यांत असणार. त्यांनी माझ्याकडे बघून भिंगला विचारलं, हा कोण? भिंग म्हणाला, हा होय, हा आपला ट्रेनी.

आपला म्हणाला!

२२ जानेवारी, बुधवार
बेअरिंग बदललं. मी आज जाम खुशीत, पंख्याला कालचं सगळं सविस्तर सांगितलं. गुणगुण मात्र होती त्याच्या दुप्पट. बिचाऱ्या मॅडम. आता पाती बदलणार. शेवटी माझंच खरं झालं.

२३ जानेवारी, गुरुवार
भिंग आपला म्हणाला होता, म्हणून आज खिडकीजवळून जाताना चाल जरा हळू ठेवली. तो मीठ शोधत होता. नळाजवळ जेवलो.

२८ जानेवारी, मंगळवार
ताप. दिवसभर खोलीवर पडून. संध्याकाळी औषधाच्या दुकानात गोळ्या मागायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. दिवसभर बोललोच नव्हतो. दुकानदाराने कागद-पेन पुढे केलं. त्याला वाटलं मी मुका आहे.

एकटं राहण्याची सवय चांगली. चित्त एकाग्र होतं.

२९ जानेवारी, बुधवार
गंमतच झाली. काल माझ्या जागी भिंग बसला होता आणि आलेख अगदी स्वच्छ. आज मी बसलो, गुणगुण हजर. यावरून मी निष्कर्ष काढला की दोष हवामानावर अवलंबून आहे. रिपोर्टमध्ये हवामानाचं वेगळं प्रकरण घालतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार
नवी पातीही फुकट गेली. पंखा बाजारात न्यायचं थांबलंय. साहेब म्हणाले, गुरुवारी सगळ्यांची मीटिंग आहे, तूही ये. तूही! इथेच नोकरीवर ठेवून घेणार, दुसरं काय. आईला आत्ताच सांगत नाही. मग सांगून चकित करतो. नोकरी पक्की झाली की खिडकीजवळच्या टेबलावर पाचवी खुर्ची लावावीच लागेल. अर्थात मला हौस नाही, पण लॅबमधल्या माणसाने लॅबच्या टेबलावर बसावं, हा शिस्तीचा भाग आहे.

छोटंसं भाषण तयार केलं. पंख्याला म्हणून दाखवलं. नाही म्हणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मीटिंग झाली.

इस्त्रीचा शर्ट घालून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. रिपोर्ट वाटले. मॅडम म्हणाल्या, आलेख पुष्कळ बघितले, आता ती गुणगुण एकदा कानांनी ऐकू या. कॉम्प्युटर सगळा आवाज साठवूनही ठेवतो म्हणे. मला वाटायचं नुसत्या रेघा काढतो.

भिंगने स्पीकर लावला. आधी नुसता पंखा. मग गुणगुण. मॅडम म्हणाल्या, वाढव. त्याने वाढवलं, तर गुणगुणीत शब्द होते.

माझे.

स्पीकरमधला मी पंख्याला सांगत होतो की आज पुन्हा ताट घेऊन त्यांच्या टेबलाजवळून दोनदा गेलो, वाटलं कोणीतरी बस म्हणेल, कोणी वर बघितलंसुद्धा नाही. आईला चौघं मित्र आहेत म्हणून सांगून बसलोय, आता परत कसं घेऊ. इथे तुझ्याशिवाय माझं कोणी नाही रे, असंही म्हणालो. आणि शेवटी विचारलं, तुला तरी माझा कंटाळा येत नाही ना?

पंखा चालत राहिला. भिंगला बटण सापडेना.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं, मीही हसलो असतो. साहेबांनी पहिल्यांदाच सावकाश विचारलं, लाल दिवा लागल्यावर बोलायचं नाही हे सांगितलं होतं ना? म्हटलं, लाल म्हणजे बंद ना? ते म्हणाले, लाल म्हणजे चालू, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काही शंका आहे का तेही विचारलं होतं.

मी मान डोलावली.

मॅडमनी मीटिंगच्या नोंदीत लिहून घेतलं की पंख्यात दोष नाही. भाषण खिशातच राहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खोलीच्या दारावर पाटी लागली आहे: आत बोलू नये. आत माझ्याशिवाय कोणी जात नाही.

तोंडाला कुलूप लावून बसलो. आलेख सरळसोट आला. पंखा खरोखरच उत्तम आहे.

दुपारी कँटीनमध्ये मान खाली घालून थेट नळाकडे निघालो. भिंगने हाक मारली. वाटलं दुसऱ्या कोणाला. मग चौघंही सरकले आणि एकाने पायाने खुर्ची पुढे ढकलली. बसलो. एकाने विचारलं, घरी कोण कोण असतं? दुसऱ्याने भात वाढू का म्हणून विचारलं. भिंग म्हणाला, अरे बोल की, एरवी तर किती बोलतोस! मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो चष्मा पुसायला लागला.

इतके दिवस सांगायचं साठवून ठेवलेलं, आणि एक शब्द सुचेना. जो बोलेल त्याच्याकडे मान फिरवत राहिलो, इकडून तिकडे. त्यांना वाटलं भात नको म्हणतोय.

संध्याकाळी आईचा फोन. न राहवून सांगितलं, आई, आज मी चौघांबरोबर जेवलो!

ती म्हणाली, त्यात काय नवीन, रोजच जेवतोस की.

म्हटलं, हो.