शेपूट येईपर्यंत

९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पत्र. आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे मी आणि अध्यक्ष. बाकीचे बारा जण वळणांवर उभे आहेत. घाबरू नकोस.

आमच्या मोटरसायकल क्लबचा नियम असा, की जिथे वाट फुटते तिथे अध्यक्ष एकेकाला खूण म्हणून उभं करतात. सगळ्यांत मागचा गडी, म्हणजे शेपूट, मागून आला की त्याने जागा सोडायची. शेपूट मी. परवा झडणारी पिवळी पानं बघत, देवाचं नाव घेत बसलो आणि उशीर झाला. म्हणून जवळच्या वाटेने आलो, तो अध्यक्षांच्याही आधी विश्रामगृहात पोचलो. मला चहा पिताना पाहून ते म्हणाले, “मग आता मागून कोण येणार?”

भावोजी पाचव्या वळणावर आहेत. रात्री सगळे जवळच्या घरांत निजतात आणि उजाडताच पुन्हा उभे राहतात. भावोजींच्या टोपीवर पानं साचली आहेत, पण तब्येत उत्तम.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा

१३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तापात लिहिलंस. बारा बाप्ये, आणि एकालाही बसावंसं वाटत नाही?

चौतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून हे निवृत्त झाले, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून घरात ‘हं’ याच्यापुढे शब्द नाही. चार माणसांत मोकळे होतील म्हणून मीच ह्यांना तुझ्या गळ्यात घातलं, आणि तू त्यांचा खांब केलास. पंधरवड्यात बर्फ पडून घाट बंद होतो म्हणतात. तसाच समोरून जा, शेपूट आलं म्हणावं, आणि माझा माणूस मला बोलता परत दे.

जेवत जा. माया आहे, पण सध्या विचारू नकोस.

तुझी ताई

१९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

समोरून गेलेलं चालत नाही. नियमात ‘मागून’ असं लिहिलं आहे. नियम बदलायचा तर सभेला सात जण लागतात. अध्यक्षांनी दोनदा सभा बोलावली. दोन्ही वेळा मी आणि ते. दोन्ही वेळा तहकूब.

शेवटी मी दुसऱ्या अंगाने डोंगर उतरलो आणि पायथ्यापासून पुन्हा निघालो. मी दिसलो की एकेक जण हात जोडायचा. एवढा मान आपल्याला शोभत नाही, असं सारखं वाटत राहिलं.

पाचव्या वळणावर मात्र भावोजींनी मला पाहिलं आणि पाठ फिरवली. न दिसलेलं शेपूट आलं असं धरत नाहीत, असं ते झाडाला म्हणाले. ताई, तिथे रस्त्याची ठळक पाटी आहे. तरी लोक थांबून त्यांनाच विचारतात. रोजचा दूधवालासुद्धा विचारतो, आणि भावोजी त्याला पुढचा खड्डाही सांगतात. तू वाट बघतेस म्हटलं, तर टोपीवरची पानं झटकली. मग म्हणाले, “घरी मला कुणी काही विचारत नाही रे.”

पुढच्या सातांना सोडवून मी परत त्यांच्याजवळ येऊन बसलो आहे. काल शिखरावर पांढरं दिसलं. काय करू ते कळव.

चुकलं ते पोटात घालावं.

तुझा धाकटा

२८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शेगडी बंद केली आणि बसून राहिले. मला सगळं येतं, म्हणून मी विचारत नव्हते. ते ह्यांना लागत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मग ह्यांच्यासाठी तुझ्याकडे जे बंद पाकीट धाडलं, तू त्यांच्या हातात दिलंस ते, त्यात विनवणी नव्हती, नुसते प्रश्न होते. एकतीस. वरच्या खोलीची खिडकी का अडकते, माझा चष्मा जाड झालाय का, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा ऊन होतं की पाऊस. कधी येणार, एवढं मात्र विचारलं नाही.

परवा संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली. तू मागून आल्याचं आता आठवतं म्हणाले. हेल्मेट काढायच्या आत खिडकीचं सांगून झालं, आणि आम्ही सतराव्या प्रश्नावर अडलो. मी म्हणते ऊन, हे म्हणतात पाऊस. काल दिवसभर भांडलो. शेजारीण दोनदा डोकावून गेली. आज ह्यांनी पुराव्यासाठी माळा उपसायला घेतलाय आणि वरून माझ्यावर ओरडताहेत.

चौदा प्रश्न अजून बाकी आहेत. समेट करायला म्हणून इतक्यात इकडे फिरकू नकोस.

तुझी ताई