घरात एकटी राणी

तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार आज राहू दे. पाठ आणि मन दोन्ही आखडलेत.

म्हाताऱ्यांना सुखाबद्दल विचारत फिरणारी ती कॉलेजची मुलगी काल आपल्याकडे आली. तू म्हणालीस, "सुखाचा काळ? मुलगा वसतिगृहात होता तो. घरात एकटी राणी!" स्वयंपाकघरात माझा चहा ओट्यावर सांडला.

तू एकटी पडलीस म्हणून मी संस्कृतचं शिक्षण अर्धवट सोडून परतलो, लग्नही टाळलं. मातृभक्तीची फळं शास्त्रांत वाचली होती, हे फळ त्यांत नव्हतं.

"मग त्यांना परत का बोलावलंत?" त्या मुलीने विचारलं.

"मी कुठे बोलावलं? आला बिचारा. त्याला तिथे करमेना. हाकलणार कशी?"

हे पत्र तुला देणार नाही. वाचून मोकळ्या मनाने "जा" म्हणालीस, तर या वयात जाऊ कुठे?

तुझा, शेजारच्या खोलीतला,
चिरंजीव