धूर बंद कुणी करायचा

२ डिसेंबर २००४
जळू दे मेल्याचं गुऱ्हाळ. आज परत चपला जाळल्या. चिपाड वलं हाय म्हणं. पुण्याहून टेम्पो भरून रबरी चपलांची कातरणं येत्यात, चुलवाणात जात्यात, आन् काळा धूर सरळ माझ्या दारात. गुऱ्हाळ बापूचं, माझ्या सख्ख्या धाकट्या दिराचं. ह्या हातानं भाकरी घातलीय त्याला. बांधावर जाऊन बोलले तर हसतोय. "वहिनी, वारं काय मी सोडतो का?"
थांब तू.

५ डिसें.
सूनबाईचा शिरूरहून फोन. दिवाळीला तीन महिन्यांची नात घेऊन आली व्हती. चौथ्या दिवशी पोरीची छाती घरघरायला लागली, माहेरी गेली ती गेलीच. "आत्या, धूर हाय तवर मी न्हाई येत. डाक्टरनंच जाऊ नगा म्हणून सांगितलंय." राग आला. पण खरं बोलली.
संतोष म्हणतो, आई, चुलत्याशी वैर नको. म्हणलं, तुझी पोर कुठं हाय ते सांग आदी.

९ डिसें.
ग्रामपंचायत. ग्रामसेवक म्हणतो, "मावशी, आपण फक्त ना-हरकत दाखला देतो. बंद करायचं तालुक्याला." सरपंच बापूचा पत्त्यातला सोबती. मान वर करंना.

१४ डिसें.
दौंड. तालुक्याच्या हापिसात उभं राहून पाय सुजले. साहेब म्हणला, "आमच्याकडं जमीन. हवा पुण्याला, प्रदूषणवाल्यांकडं." म्हणलं, हवेला सातबारा न्हाई म्हणून ती कुणाचीच न्हाई व्हय? शिपाई हसला. साहेब न्हाई.

२१ डिसें.
यवतवरनं यष्टीनं पुणे, प्रदूषणवाल्यांचं हापिस. तिथली बाई नीट बोलली. कायदा दिल्लीचा, हापिस राज्याचं, पण एवढ्याशा गुऱ्हाळाला आदी गावाची हरकत बघत्यात. "आणि गावाची हरकतच नाही ना, आजी." आजी म्हणली! फाईल काढली. ग्रामसभेचा ठराव, बापूच्या गुऱ्हाळास हरकत नाही. खाली सह्या. सातवी माझी.
साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, वाकडी, माझीच. १५ ऑगस्टला ग्रामसेवकानं वही फिरवली, "बायांनो, हजेरी लावा." मी हौसेनं पुढं. वरची जागा कोरी व्हती.
वाटभर दात खात आले.

२७ डिसें.
चुलवाणावरल्या भय्याला विचारलं, हे का जाळतोस? "माताजी, मालिक जो देता है. हमको भी खाँसी है." त्याच्यावर राग न्हाई. त्याच्या ढिगातली पाटीभर कातरणं उचलली. बापू आडवा आला. "वहिनी, चपला कशाला?" म्हणलं, लागतील. पयल्यांदा हसला न्हाई.
तशीच ग्रामपंचायतीत गेले. दार लावलं, घमेल्यात पेटवली. सरपंच खोकत खिडकीकडं, ग्रामसेवक टेबलाखाली. "मावशी, जीव घेता का!" म्हणलं, माझी नात चार दिवस बसली ह्यात. तुमी चहा गार व्हईस्तवर तरी बसा.
बरं वाटलं. लई बरं वाटलं.

१० जानेवारी २००५
एकच अर्ज, तीन नकला. गाव, तालुका, पुणे. तिन्हीकडं शिक्का मारून पोच घेतली. संतोषनं शुद्ध करून देतो म्हणलं, दिला न्हाई मी त्याच्या हातात. लिहिलंय :
माझी सही हजेरीची व्हती. ठरावाखालनं ती काढा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तिघांनी यायचं, एका सतरंजीवर बसायचं. दुसऱ्याकडं बोट दाखवायचं न्हाई. चपला जाळणं बंद कोण करणार आन् कवा, ते माइकवर, समद्या गावापुढं बोलायचं. माझी नात कवा घरी आणू? २६ तारखेला उत्तर पायजे.