पाटाच्या पाण्याला सांगितलेलं स्वप्न

सोमवार, १९९८. दसरा जवळ आलाय.

वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगून टाकायचं, ही आमच्या घरातली रीत. हे पाटाशी बसून सांगायचे, मी शेजारी झेंडू तोडत ऐकायचे. यांच्या मनातलं मला कळायचं ते तेवढंच. आता धाकटी जाऊ सुवर्णा रोज नाशकात कॉलेजला जाऊन मानसशास्त्र शिकते, म्हणून हे चहा पिताना तिलाच सांगतात. "दादा, हे तुमच्या आत कुठंतरी दडलेलं आहे," म्हणते. आत! हिला काय माहीत यांच्या आतलं? आज मला स्वप्न पडलंच नव्हतं. तरी पाटाशी बसले आणि एक रचून मोठ्यानं सांगितलं. ऐकलं यांनी. लगेच घराकडं तोंड करून ओरडले, "सुवर्णा, इकडं ये लवकर, हिला काय स्वप्न पडलंय बघ!"