टाडेयचा खोकला काढू नये

मी, रोझविता लाकनर, वय एकाहत्तर, राहणार ग्राट्स, लेंड भाग, संगीतशाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही, असे नोटरीबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा जुना सहकारी फेर्डिनांड त्स्वांगर बाहेरच्या खोलीत येरझारा घालत आहे, त्याला दबाव म्हणता येणार नाही. त्याचा स्वभावच तसा आहे. माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ज्यात फेर्डिनांडचे नाव दोनदा खोडले आहे ते.

१. राहते घर माझी मुलगी गुडरून हिला द्यावे. ती लिंट्सला गुरांची डॉक्टर आहे आणि इथे राहायला येणार नाही, हे मी जाणून आहे. तिने ते खुशाल विकावे. फक्त खालच्या मजल्यावरच्या ओफनर यांना विकू नये. माझा सराव चालू असताना ते वर्षानुवर्षे झाडूच्या दांड्याने छत ठोकत आले, आणि एकदाही तालात ठोकले नाही.

२. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी व्हावा. उरेल ते गुडरूनचे. अंत्यविधीत ऑर्गन वाजवू नये. चर्चमधला ऑर्गन कोण वाजवतो ते मला माहीत आहे.

३. ध्वनिवर्धक, तारा आणि डाख देण्याचे सामान येलिझ कोर्कमाझ हिला द्यावे. ती नाटकांची ध्वनियोजना करते आणि तारा गुंडाळून ठेवते. माझ्या ओळखीत असे दुसरे कोणी नाही. भोपळ्याच्या बियांच्या तेलाच्या बाटल्या फेर्डिनांडला, तेलासकट.

४. पॅचांचा सामायिक संग्रह. हे कलम लांब आहे. गुडरूनने वाचले नाही तरी चालेल.

संगणकाच्या पडद्यावर लहान चौकोन मांडून ते रेषांनी जोडले की आवाज निघतो. अशा जोडणीला आम्ही पॅच म्हणतो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कोणालाही त्याचे पोट उघडून पाहता येते. एकाचा पॅच दुसऱ्याच्या कामी यावा म्हणून फेर्डिनांड आणि मी ते एका जागी जमवू लागलो. जगभरातून पॅच आले. प्रत्येकाने आपल्या प्रतिध्वनीचे नाव 'प्रतिध्वनी' असेच ठेवले होते.

मांडणीवरून आमचे फाटले. माझे म्हणणे, पॅच काय करतो त्यावरून त्याची जागा ठरावी. त्याचे म्हणणे, कोणी केला त्यावरून.

"अरे, मीठ मिठाच्या बरणीत ठेवतात की मीठ आणणाऱ्याच्या नावाच्या?" मी विचारले.

"मीठ कोणी डोकं फोडून बनवत नाही, रोझी. हे लोकांनी बनवलंय."

"मग काय प्रत्येक बरणीवर वंशावळ लिहू?"

"लिही की! तुला हात नाहीत?"

तो संग्रहाची आख्खी नक्कल घेऊन निघून गेला आणि त्याने स्वतःचे दुकान मांडले. तसे करण्याची सर्वांना मुभा आहे. तो नियम मीच लिहिला होता. लोकांना दोन्ही संग्रह लागत, आणि एकाच नावाचे दोन पॅच समोरासमोर आले की गोंधळ होई. एका मैफलीत चेलोला घुमारा मिळण्याऐवजी बेडकांचा आवाज मिळाला. टाळ्या जोरात पडल्या, ही गोष्ट वेगळी. पुढची काही वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी फक्त पॅचमधल्या चुकांच्या तक्रारींतून बोललो.

मग टाडेय होयनिक गेला. मारिबोरचा मुलगा, माझा विद्यार्थी. डोंगरावर पाय घसरला. त्याचा घुमाऱ्याचा पॅच दोन्ही संग्रहांत होता: कोरड्या आवाजाभोवती तो एक खोली उभी करी. निम्मे पॅच त्याच्यावर उभे होते. आणि हा पॅच सर्वांना वापरायला दिला आहे, ही एक ओळ लिहायची टाडेय विसरला होता. सॉफ्टवेअर वाटणाऱ्या मंडळींनी कळवले, परवानगी आणा, नाहीतर दोन्ही संग्रह काढून टाकू. परवानगी देणारी आता त्याची आई.

फेर्डिनांडचा फोन आला. "जाणार आहेस?"

"जाणारच."

"एकटी?"

"तुला काय करायचंय?"

"तिकिटं काढलीत. दोन."

गाडीत तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि मीही. खिडक्या वेगवेगळ्या होत्या.

टाडेयच्या आई झोर्का होयनिक यांनी आम्हाला आंबवलेल्या कोबीचे सूप वाढले आणि विचारले, "माझ्या मुलानं नेमकं केलं तरी काय?"

सांगून कळणार नाही म्हणून मी संगणक उघडला. प्रत्येक पॅचसोबत तो कसा वापरावा हे दाखवणारे पान असते आणि त्यात एक नमुन्याचा आवाज. मी बटण दाबले. टाडेय खोकला, मग स्लोव्हेनियन भाषेत एक, दोन, तीन म्हणाला. आधी कोरडे, मग मोठ्या देवळात उभे राहून म्हणावे तसे. तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता की तो कोणा माणसाचा आहे हे माझ्या ध्यानातच नव्हते.

झोर्काबाईंचा चमचा हातातच राहिला.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

मी लावला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"हा कोण कोण ऐकतं?"

"ज्याचं अडतं तो," फेर्डिनांड म्हणाला.

"म्हणजे कधी?"

"बाई, लोकांचं रोज अडतं. जपानात, ब्राझीलमध्ये. कुणी ना कुणी आत्ताही ऐकत असेल."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, टेबल पुसले. मग पडद्याजवळ वाकून शोधू लागल्या. "आणि त्याचं नाव? नाव कुठंय?"

माझ्या मांडणीत नाव नव्हते. फेर्डिनांडने माझ्याकडे पाहिले नाही, घसा खाकरला नाही, काही म्हटले नाही. तो आयुष्यात इतके चांगले कधीच बोललेला नाही.

नाव मी तिथेच टेबलावर लिहिले. बाईंनी एक अक्षर दुरुस्त करून घेतले आणि परवानगीच्या कागदावर सही केली. परतीच्या गाडीत आम्ही दोन्ही संग्रह एक करायचे ठरवले: जागा कामावरून, आणि प्रत्येक पॅचच्या पहिल्या ओळीत करणाऱ्याचे नाव. फेर्डिनांड याला आपला विजय मानतो. मानू द्यावे.

तरी माझी इच्छा अशी: संग्रहाच्या किल्ल्या फेर्डिनांड आणि येलिझ या दोघांकडे असाव्यात. दोघांचे एकमत झाल्याशिवाय काहीही पुसले जाऊ नये. टाडेयच्या नमुन्यात खरखर आहे, स्वच्छ आवाज घालू या, असे येलिझ म्हणते. कानाने तिचे बरोबर आहे. तरीही घालू नये. खोकलाही काढू नये.

५. पुढे कधी कोणाला ही मांडणी पटणार नाही. तो सगळ्याची नक्कल करून वेगळा निघेल. त्याला अडवू नये, मागून टोमणे मारू नयेत. आधी पानावर बसवून पोटभर वाढावे आणि मग जाऊ द्यावे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि तसेच ठेवले.

सही: रोझविता लाकनर
ग्राट्स, ९ नोव्हेंबर २०२३

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, तरी मला हवे होते. फेर्डिनांडने तयारी दाखवली. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे नोटरीबाईंनी सांगितले. "मला काही मिळणार आहे?" असे विचारून तो येरझारा घालायचा थांबला आणि खाली बसला.

साक्षीदार:
ब्रिगिटे शाफ्लर, समोरच्या घरातील
आल्विन रॉयसमान, घड्याळजी