काळीतलं मचाण

मुंबई,
८ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. कोकिळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

जवसाची चटणी पोचली. हापिसातल्या मंडळींनी दोन दिवसांत डबा पुसून ठेवला!

मी समुद्रात काय करतो, असं भाऊजींनी विचारलं होतं. तेल काढण्यासाठी तिथे चार पायांचं उंच लोखंडी मचाण उभं राहायचं आहे. त्यावर चाळीस माणसं राहतील. भूकंप झाला तर ते किती हादरेल, हे गणित माझ्याकडे. पंचवीस तारखेला साहेबांची सही झाली की लोखंड कापायला घेतील. आकडे तीनदा तपासले, तरी मन थाऱ्यावर नाही. चुकलं तर चाळीस घरं उघडी पडतील. तू गावचं काहीतरी लिही, म्हणजे बरं वाटेल.

माया आहेच, ती कागदावर येऊ दे.

तुझा,
वासुदेव


रोहणा,
१५ नोव्हेंबर १९७८

चि. वासुदेवास अ. उ. आ.

तुझे भाऊजी पोट धरून हसले. म्हणाले, समुद्रात मचाण कायले? मासोळ्यायले गोफण मारून राह्यला का तो?

ज्वारी हुरड्यावर आली आहे. परवा मी मचाणावर पाखरं हाकत होते, तर नत्थूजीच्या नव्या विहिरीत सुरुंग उडाला. शेजारच्या भैयाजीचं मचाण बरडीवर, घट्ट मुरमात. ते विहिरीच्या अगदी जवळ, पण एकदा दणकलं नि गप्प झालं. आपलं काळीत, मऊ काळ्या मातीत, विहिरीपासून दुप्पट लांब, तरी झुलतच राहिलं. पाण्याचं मडकं फुटलं. मी बांबूला मिठी मारून बसले, आणि भैयाजी खालून विचारतो, वहिनी, झोका खेळून राह्यल्या का? मेल्याला हसू सुचतं. यांना बजावलं आहे, पुढच्या साली जाड खांब रोवा, नाहीतर तुम्हीच वर बसा.

तू वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशी आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


मुंबई,
२० नोव्हेंबर १९७८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता हातातला चहा निवून गेला. ताई, माझ्या भूकंपाच्या साऱ्या नोंदी खडकावर बसवलेल्या यंत्रांच्या होत्या, आणि आमचं मचाण समुद्राच्या तळच्या मऊ चिकणमातीत उभं राहणार. बरडीचा हादरा मोजून मी काळीत खांब रोवायला निघालो होतो. काळीत जन्म गेला, आणि नेमकं हेच विसरलो!

साहेबांना चूक सांगितली. त्यांनी भरपूर झाडलं, मग सही थांबवली. तळच्या मातीचे नमुने तपासून सगळं गणित नव्याने करायचं आहे. पाय जाड होतील, असं दिसतं. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही.

अशीच रागावत जा, लिहीत जा.

तुझा,
वासुदेव


मुंबई,
४ मार्च १९८२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पहिल्यांदा आपल्या मचाणावर गेलो. खाली नुसतं पाणी, वर चाळीस जणांची पंगत. वाढणारा आचारी हरिदास, आपल्याकडच्या वडनेरचा! तुझी चटणी त्याच्या ताटात वाढली, तर त्याचे डोळे भरून आले.

मग हळूच म्हणाला, साहेब, घरी माय लय घाबरते. भूकंप आला तर हे टिकन ना?

मी सांगितलं, बिनघोर राह्य. माह्या बहिणीनं अगुदर बसून पाह्यलं आहे.

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा,
वासुदेव