डोरिसच्या पिस्तुलाला लोडर पाहिजे

मंगळवार, ६ ऑगस्ट

आज नेमबाजीच्या रेंजवर अंगठा फार दुखला. सकाळी कांदा चिरतानाच कुरकुर करून राहिला होता. मग गोळ्या डाव्या हाताने भरल्या. डोरिस चष्म्यावरून बघत बसली.

पिस्तूल तिच्या सासऱ्याच्या काळचं, बारीक गोळीचं. गोळ्या ज्या चपट्या लोखंडी डबीत भरतात तिला मॅगझिन म्हणतात. बाजूला मसुराएवढं बटण. ते अंगठ्याने खाली ओढून धरायचं, म्हणजे आतली स्प्रिंग दबते, नि वरून एकेक गोळी सोडायची. स्प्रिंग इतकी कडक की बाप्पा. डोरिसची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तिच्याने ते होत नाही. म्हणून भरते मी, नि समोर टांगलेल्या कागदावर नेम मारते ती. तिचा नवरा दर मंगळवारी जायचा, तो वारल्यावर ती जाते. शेजारीण म्हणून मी एकदा सोबत गेले, नि मग जातच राहिले.

कामठीला पोरवयात बिड्या वळल्या या अंगठ्याने. तेव्हा कधी तक्रार नव्हती त्याची.

नंतर नेहमीच्या हॉटेलात गेलो. तिने पाय खाल्ला, म्हणजे फळं भरून भाजलेलं गोड, मी चहा घेतला. इथे अमेरिकेत चहा म्हणजे गरम पाणी नि बाजूला पुडी, आपलं आपण बुडवा. आता सवय झाली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

प्रकाशने डॉक्टरकडे नेलं. सांधा झिजला म्हणे. पट्टा दिला बांधायला. गाडीतच पोराचं सुरू, "आई, आता बंदुका बंद. घरामागे मेथी लाव, कोथिंबीर लाव."

मेथी लावलेलीच आहे. त्याने पाहिली नाही.

घरी आल्यावर निशाने बापाला धरलं. "डॅड, शी डझन्ट ईव्हन शूट. शी जस्ट लोड्स." नात माझी वकिलीण होईल, शिकून राहिली कंप्युटर.

संध्याकाळी डोरिस टमाटे घेऊन आली. पट्टा पाहिला. खुर्चीत बसली नि म्हणाली, पिस्तूल वॉल्टला देऊन टाकते. वॉल्ट म्हणजे रेंजवरचा म्हातारा, जुन्या बंदुकांचा शौकीन, कधीचा मागून राहिला. "सू, तुझा अंगठा मोडून मला नेम मारायचा नाही." माझं नाव सुमन, तिच्या तोंडात अर्धंच मावतं.

मी म्हटलं, मग मंगळवारी आपण काय करायचं?

ती टमाटे एकेक करून टेबलावर मांडायला लागली.

टमाटे चांगले होते. पण जेवण गेलं नाही नीट. इथे मी कुठंही गेले तर प्रकाशच्या मागच्या सीटवर बसून जाते, त्याच्या सोयीने. डोरिसच्या गाडीत पुढे बसते. नोव्हायला, पोराच्या गावी, येऊन इतकी वर्षं झाली, मंगळवार तेवढा माझा आहे.

शनिवार, १० ऑगस्ट

निशा म्हणते अंगठा न वापरता गोळ्या भरायची हत्यारं मिळतात. लोडर. फोनवर दाखवले, ढीगभर. भाजीबाजारातल्यासारखे. तिला म्हटलं, एक मागव. डोरिसला म्हटलं, वॉल्टला आत्ता काही बोलू नको.

रविवार, ११ ऑगस्ट

विहारात वंदना झाली, नंतर पुलाव. ओहायोतल्या डब्लिनच्या पाहुण्या बाई आल्या होत्या, मला बाजूला घेऊन विचारतात, "सुमनताई, तुम्ही बंदुकीच्या ठिकाणी जाता म्हणे? पंचशील घेता ना तुम्ही?"

मी म्हटलं, "कागदाला जीव नसतो माय. असता तरी डोरिसच्या हातून वाचलाच असता."

हसल्या. पुलावात मीठ कमी होतं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

लोडर आला. काळा, प्लास्टिकचा. डब्यावर लिहिलेलं, निशाने वाचून सांगितलं, सगळ्यांना बसतो. आमच्याला नाही बसला. मॅगझिन आत टाकलं तर दिवाळीच्या डब्यात एकच चकली उरावी तसं खडखडलं. वॉल्ट म्हणाला, हा आजच्या जाड मॅगझिनांसाठी, जुन्याची अंगकाठी बारीक.

बरं म्हटलं. परत पाठवला. डोरिसने स्वतः भरायचा प्रयत्न केला, तीन गोळ्यांत दमली. तीनच मारून घरी.

मंगळवार, २० ऑगस्ट

दुसरा. अंगठीसारखा, अंगठ्यात घालायचा, खाली आकडा. आकडा बटणाला अडकवायचा नि ओढायचं. घरी रिकाम्या मॅगझिनवर करून पाहिला, सुरेख. मला वाटलं झालं काम.

रेंजवर उत्साहात खालपर्यंत ओढला, गोळ्या सटासट आत. नि अडकलं पिस्तूल. दुसऱ्याच गोळीला. डोरिसने नळी समोर ठेवूनच वॉल्टला हात केला, त्याने येऊन मोकळं केलं. मग मला दाखवलं. स्प्रिंग एकदम खाली नेली की गोळ्या नाक खाली करून आडव्यातिडव्या पडतात. एक गोळी, थोडं खाली. अजून एक गोळी, अजून थोडं. हे तर मला अंगठ्याने येत होतंच. लोडर आला नि मी हावरी झाले.

हळू केलं तर जमतं. पण सगळा भार पुन्हा त्याच अंगठ्यावर. पट्ट्याखाली ठणकून राहिला. प्रकाशला सांगितलं नाही.

हात धुतले दोनदा. निशाची सक्ती आहे, गोळ्यांना शिसं असतं.

मंगळवार, २७ ऑगस्ट

आज दोन प्रकार झाले.

निशाने तिसरं मागवलं, खास याच जुन्या जातीच्या पिस्तुलाचं. छोटंसं मशीन. वर खोका, त्यात गोळ्या ओतायच्या, हलवलं की आपोआप एका तोंडाने उभ्या राहतात. मग दांडी तळहाताने दाबायची. अंगठ्याचं कामच नाही. डोरिसने एकटीने पूर्ण भरलं. एकटीने. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. दांडी दाबून अशी हसली की बाजूच्या टेबलावरचा माणूस कानावरचं झाकण काढून बघायला लागला.

मी मांडीवर हात ठेवून बसले.

वॉल्टने ते पाहिलं की काय, कोण जाणे. ड्रॉवरमधून एक वाकवलेला पत्रा काढून आणला, त्याच्या बापाने केलेला. पत्र्याला दोन कान. एकीने दोन्ही तळव्यांनी कान खाली दाबायचे, दुसरीने गोळी सोडायची. एकट्याने होतच नाही. डोरिसने दाबलं, मी सोडलं. ती "नाऊ" म्हणायची, मी "हो" म्हणायची. छान भरलं. वेळ लागला, पण छान. वॉल्ट म्हणाला, आवडला तर ठेवा.

गाडीत डोरिस म्हणाली, तू सांग कोणता ठेवायचा. मशीन परत करायचं तर या आठवड्यातच करावं लागेल.

मला कोणता पाहिजे ते मला ठाऊक होतं. हॉटेलात गेलो. चहाची पुडी पाण्यात विसरले, कडू झाला.

गुरुवार, २९ ऑगस्ट

नागपूरहून शांताचा फोन. धाकटी बहीण. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही. ऑपरेशन करायचं तर म्हणते, "अक्का, तू ये, पोरं कामावर जातात, थेंब कोण टाकील?" प्रकाशने लगेच तिकीट काढलं, पुढच्या महिन्याच्या मधलं. जायचं. यायचं नंतर पाहू म्हणतो.

मग बसून विचार केला. पत्रा ठेवला नि मी गेले, तर मंगळवारी गोळी कोण सोडील? वॉल्टला त्याची कामं. डोरिस घरी बसेल. महिनाभर बसली की मग बसलीच. पिस्तूल वॉल्टकडे.

कुंपणापाशी जाऊन सांगितलं, मशीन.

तिला नवल वाटलं. म्हणाली, मला वाटलं तू पत्रा म्हणशील. मी म्हटलं, मला पत्राच पाहिजे. पण मी इंडियाला जाऊन राहिली.

ती पाण्याची नळी हातात धरून उभी. झेंडूच्या वाफ्यात तळं झालं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

डोरिसने मशीनने भरलं, नेम मारला, पुन्हा भरलं. आज तिचा नेम बरा. स्वतः भरूनही हात शिणला नाही ना. मी मेथीचे पराठे नेले होते, वॉल्टने तीन खाल्ले. लोणचं त्याला सोसलं नाही, डोळ्यांत पाणी, तरी खाऊन राहिला.

रिकामं वाटलं थोडं. खोटं काहून लिहू. पण ती एकटी येऊ शकेल हे पाहिलं नि बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

मंगळवार, १० सप्टेंबर

हॉटेलात डोरिसने पर्समधून फोन काढला, एक फोटो दाखवला. मॅगझिन. आमच्यासारखंच, पण दुसरं. वॉल्टला ओहायोत कोणा म्हाताऱ्याकडे सापडलं, जुन्या मालात सहसा मिळत नाही. तो म्हातारा पाठवतो म्हणालाय, पण सवडीने.

मी म्हटलं, दुसरं कशाला?

तर टेबलावर मीठदाणी नि मिरीदाणी ठेवून समजावलं मला. म्हणाली, मी एक मारत असताना तू दुसरं भरायचं. मशीनला तरी दाबणारा लागतोच ना, सू. एकटीने मला मध्ये थांबावं लागतं.

मीठदाणी माझ्याकडे सरकवली.

मग म्हणाली, कधी येशील परत? थँक्सगिव्हिंगच्या आधी, नोव्हेंबर संपायच्या आत? मी म्हटलं, शांताचे दोन डोळे आहेत, दोन्ही एका दिवशी करत नाहीत. एक करतील, तो बरा झाला की दुसरा. बोटांनी डोळे दाखवले, एक, मग दुसरा. समजली ती. म्हणाली, ओहायोहून पाकीट आलं तरी मी उघडणार नाही. तसंच टेबलावर ठेवीन.

आज तिच्या पायचा एक तुकडा मीही खाल्ला. गोड फार.

घरी येऊन प्रकाशला परतीच्या तिकिटाचं विचारलं. म्हणतो, "आई, आधी जा तर."